खाऊन उतरवलेलं वजन

— नाही नाही, आधी श्वास सोडा. पूर्ण सोडा. पोट आत ओढून माप द्यायचं नाही ताई माझ्याकडे, ते फोटो काढताना करा. मला काय, तुम्ही ओढून धराल तेवढ्याचा शिवून देईन, पण मग समारंभात बसायची वेळ आली की काय करणार, उभ्याच राहणार शेवटपर्यंत? हं, आता आलं खरं माप. लगेच चेहरा पडला! मोजपट्टीवर कशाला रागावता, ती काय माझ्या माहेरची आहे, माझ्या बाजूने बोलायला? आणि ते फडकं घ्या, बोटं पुसा आधी. चिप्स ना? मला दार उघडलंत तेव्हाच वास आला. रेशमी कापड आहे, एक बोट लागलं की डाग कायमचा, मग म्हणाल काकूंनी पाडला.

काय म्हणालात? महिनाभरात उतरेल? म्हणून आत्ताच दोन बोटं आत घेऊ? — वा! अहो, या दुकानात, याच स्टुलाशेजारी उभं राहून किती जणी हे म्हणून गेल्या असतील. ती खुंटी बघा, तिच्यावरचे सगळे कपडे 'उतरेल'वाल्यांचे. न्यायला येतात, पडद्यामागे जातात, आधी चेन अडकल्याचा आवाज येतो, आणि मग बारीक आवाजात 'काकू, जरा आत येता का?' — जाते मी. उसवते. मुकाट्याने उसवते, तोंडातून शब्द काढत नाही. म्हणजे तेव्हा काढत नाही. नंतर काढते.

आणि खाणं न सोडता? पिझ्झा, बर्गर, सगळं चालू ठेवून? हे कुणी सांगितलं तुम्हाला? — फोनवरच्या त्या दाढीवाल्याने? दंड उघडे टाकून एका हातात बर्गर घेऊन हसत असतो, तो? अहो ओळखते म्हणजे काय, आमच्या घरातच राहतो तो! स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा त्याचा आवाज जास्त. 'मित्रांनो, काहीही सोडू नका, फक्त मोजून खा.' आमचे हे त्याचे पट्टशिष्य. जेवायला बसले की फोन ग्लासाला टेकवून ठेवतात नि त्याच्याकडे बघत बघत खातात. मी समोर बसलेली असते ती काय भिंत आहे?

वळा जरा. हात खाली. — हो, ड्रायव्हर आहेत. लांबच्या गाडीवर, रात्रीची बस. आणि तिथेच तर सगळं घोडं अडलंय. मागच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरने काट्यावर उभं केलं नि तोंडावर सांगितलं, पुढच्या मेडिकलपर्यंत वजन उतरवा, नाहीतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, डेपोत तिकिटाच्या खिडकीमागे बसायचं. आता तुम्ही सांगा, शहाण्या माणसाने काय करावं? घरी आल्यावर म्हणावं, बाई गं, उद्यापासून मला उकडलेलं दे, साखर बंद कर. आमच्या शहाण्याने काय केलं? दोन दिवस तोंड पाडून बसले, अन्नाला शिवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी हा दाढीवाला सापडला. झालं! म्हणाले, अगं शास्त्र आहे त्याला. काकडी काय नि चिप्स काय, पोटाला काय कळतंय, आकडा जमला म्हणजे झालं. डोंबलाचं शास्त्र!

— नाही, मोजून खाल्लं तर उतरत असेल, मी कुठे नाही म्हणते? जमतही असेल एखाद्याला. पण मोजणाऱ्याला थांबता आलं पाहिजे ना? तळलेल्या त्या बटाट्याच्या काड्या — अहो त्या केलेल्याच असतात हात थांबू नये म्हणून. हे काय करणार, एक पाकीट फोडणार, फोनमध्ये एक पाकीट लिहिणार, इथवर सगळं कायद्यात. मग दुसऱ्यातल्या 'चार काड्या' — त्या लिहायच्या नाहीत, कारण त्या चारच. मग पाकिटाच्या तळाचा चुरा, तो तर खाणंच नाही, ती साफसफाई. आणि कोल्ड्रिंक? ते पाण्यात धरायचं! मी म्हटलं, अहो एवढा हिशेब आयुष्यात जमला असता तर... जाऊ दे. मान सरळ ठेवा, टाचणी आहे माझ्या हातात.

मी काय काय करून बघितलं नाही! सूप केलं तर म्हणाले, आजारी पडलोय का मी? भाज्या उकडून दिल्या तर डबा जसाच्या तसा परत, वर म्हणायचे वेळच मिळाला नाही — आणि शर्टावर केचपचा डाग. अहो खोटं बोलायचं तर निदान शर्ट तरी झटकावा! बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. खाऊ नका, पिऊ नका, हे नको, ते नको — आता तर मी तोंड उघडलं की हे मान हलवायला लागतात, मी काय बोलतेय ते ऐकायच्या आधीच. रेडिओ लागावा तसं.

मग मी दुसरंच केलं.

कुणाला सांगू नका हं. सांगाल तर तुमचाच ड्रेस अर्धा राहील. — ह्यांची युनिफॉर्मची पँट आहे ना, ती मी सैल केली. हळूच. गुपचूप. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना आम्ही, माया म्हणतात त्याला, ती माझ्या हातच्या कपड्यात भरपूर असते — मी चिंधीचोर नाही त्या मॉलवाल्यांसारखी. तर कंबरेची मागची शिवण उसवली नि थोडी बाहेर मारली. थोडीच, कळू नये इतकी. पुढच्या धुण्याला आणखी थोडी. आणि काय सांगू ताई, सकाळी आरशासमोर हे उभे, पँटच्या कंबरेत अंगठा घालून, आणि चेहरा असा फुललेला — 'बघ! बघ म्हणत होतो की नाही? चिप्स खाऊन उतरतंय!' मी म्हटलं, हो बाई, कमालच आहे. आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

— का म्हणजे? मेडिकलला तोंडावर पडावेत म्हणून! हवेत होते ना, मग जाऊ देत की हवेतच, काट्यावर चढले की आपोआप येतील खाली. बायको खोटी, काटा तरी खोटं नाही ना बोलणार! तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन. वाटू दे. लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या? झालेलं नाही? मग तुम्ही बोलूच नका.

बरं, आणि नापास झाले तर झाले. उपाशी थोडेच मरणार आहोत? खिडकीमागे बसतील, तिकिटं फाडतील, संध्याकाळी सहाला घरी येतील, माणसासारखे. तुम्हाला सांगते, आमचं लग्न झाल्यापासून ह्या माणसाने संध्याकाळी घराचा दिवा लावलेला मला आठवत नाही. मी दुकान बंद करून घरी जायचं, नि हे गाडी घेऊन निघायचे. मुलगी होती तोवर कळलं नाही. ती गेली सासरी, आणि मग एकटीने ताटलीत वाढून घेतलं की... नको वाटतं. उभ्याउभ्याच खाते मी कधीकधी, ओट्यापाशी. मला काय वाईट वाटणार आहे, त्यांना खिडकी मिळाली तर? — मी काय सांगत होते? पँटचं. पँटचंच सांगत होते. तुम्ही काहीतरी विचारता आणि मी भरकटते.

तर लागला की लळा ह्यांना त्या सैल पँटचा! पार शेफारले. पूर्वी चोरून खायचे, आता समोर मांडून खातात. क्रीमची बिस्किटं, केकचे तुकडे, ते गोड पाव — आणि वर मला ज्ञान, तूही फॉलो कर म्हणे त्याला, तुझीही कंबर उतरेल. माझी कंबर काढतात! नि माझ्याच हाताने सैल केलेल्या पँटमध्ये उभे राहून! आता तर बेल्टला खिळ्याने नवीन भोकं पाडलीत. माया संपली कधीच, शिवण कडेला टेकली, पुढे सैल करायला कापडच नाही — तरी म्हणतात, आणखी उतरलं. मी म्हटलं, कापड ताणलं असेल धुऊन धुऊन. नाहीतर नुसतं वाटत असेल. मनाने घेतलं की माणूस काय वाटेल ते बघतो आरशात.

पाणी? — पितात ना. पितात म्हणजे काय, पिंपच्या पिंप! दाढीवाल्याने सांगितलंय पाणी प्या म्हणून. ह्या माणसाला एक गोष्ट धड सांगायची सोय नाही, पाणी म्हटलं की उशाला दोन बाटल्या घेऊन झोपायचं, नि रात्रभर मग आत-बाहेर, आत-बाहेर, दाराची कडी खड्खड्. सुट्टीच्या दिवशी घरी झोपतात तेव्हा माझ्या झोपेचं खोबरं. परवा म्हणतात, गाडीसुद्धा मध्येच थांबवावी लागते, प्रवासी ओरडतात. ओरडतीलच! — का हो, पाण्याचं का विचारलंत?

मामांना? तुमच्या मामांना असंच?... म्हणजे खाणं भरपूर नि अंगाने मात्र झडत गेले... रक्तात साखर निघाली? छे छे. तसलं काही नाही. ताई, तुम्ही लोक फोनवर वाचता नि सगळ्यांना सगळे रोग लावता. ह्यांच्या घराण्यात कुणाला साखर नाही, आणि मुळात हे झडलेतच कुठे? तेच तर सांगतेय मघापासून! झडल्यासारखे दिसतात, कारण पँट सैल आहे, आणि पँट सैल आहे कारण ती मी सैल केलीय. त्यांना नाही माहीत, पण मला तर माहीत आहे ना? थकतात म्हणाल तर रात्रीची गाडी चालवणारा माणूस थकणारच, खुर्चीत बसल्याबसल्या झोपतात, तोंड उघडं टाकून, त्यात काय. बूट चावलाय ती जखम बरी होत नाही म्हणाल तर मी सांगून थकले, मोजे बदला. आणि हल्ली मेसेज मलाच वाचायला लावतात, अक्षरं पुसट दिसतात म्हणे — चष्मा बदलायचा कंटाळा, दुसरं काय!

असं बघू नका माझ्याकडे. बसा त्या स्टुलावर. तुम्हाला पटत नाही ना? थांबा, दाखवतेच. इथेच आहे ती पँट, आज सकाळची गाडी होती, जाता जाता टाकून गेलेत. उद्याच आहे मेडिकल — तिकडून आज रात्रीची गाडी घेऊन निघतील नि सकाळी इथे पोचले की डॉक्टरपुढे — म्हणाले, 'ही पडते गं, आत घे जरा, डॉक्टरांसमोर गोणी घातल्यासारखं नको.' अहो, तेव्हा मला इतकं हसू आलं म्हणता! मीच बाहेर काढली नि आता मीच आत घेऊ. ही बघा. निळी. शिवलीय किती साफ बघा. आता उलटी करते — कंबरेची ही मागची शिवण, इथे बघा हं, कापडाला निळा दोरा, पण मी सैल करताना मशीनला काळा होता, म्हटलं आतून कोण बघतंय, काळ्यानेच टीप मारली. तर हा बघा का—

हा काळा नाही.

थांबा, उजेडात येऊ द्या. दिव्याखाली धरा हो जरा, तुमचे डोळे तरुण आहेत. निळाच आहे ना? सगळीकडे? आणि माया सगळी आत आहे. उसवलेलीच नाही ही. ही माझी पहिलीच टीप. कंपनीने कापड दिलं तेव्हा मी शिवली ती.

दोन आहेत ना पँटी. एकाच कापडाच्या. एक मी सैल केली. दुसरीला मी हातच लावला नव्हता, कशाला लावू, ती ह्यांना होतच नव्हती! मांडीतच अडकायची. गेल्या थंडीत एकदा घालायला बघितली होती, पलंगावर आडवे होऊन ओढत होते, मी इतकी हसले होते, आणि मग रागाने कपाटाच्या तळाशी कोंबली. ती ही. ही ती न चढणारी. ही पडते म्हणाले मला सकाळी. ही पडते.

नाही, एक मिनिट. मोजते ना. चुकून दुसऱ्या कुणाची... नाही, माझीच टीप आहे. खिशाचा कोपरा मी असाच वळवते. अहो, पण काल तर समोर बसून एवढा मोठा पिझ्झा खाल्ला! दोन माणसांचा! एवढं खाणारा माणूस वाळतो कसा? — मामाही खायचे? — आधी कुणाला कळलंच नाही?... सगळे म्हणायचे, काय छान बारीक झालात. हो. डेपोतले पण म्हणतात ह्यांना. शेजारचे म्हणतात. मी म्हणत नव्हते, कारण मला वाटायचं मला माहीत आहे. मीच एकटी होते घरात रोज बघणारी, आणि मी बघितलंच नाही ताई. मी पँटकडे बघत होते. पाठ बघितली होती मी परवा, अंघोळीहून आले तेव्हा, हाडं दिसली खांद्याची, आणि मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, टॉवेल दोरीवर टाका.

मामा कुठे पडले म्हणालात? दुकानात? चालता चालता चक्कर येऊन? — दुकानात पडले म्हणून बरं झालं. हे गाडीवर आहेत. मागे चाळीस माणसं झोपलेली असतात हो. डोळ्याला पुसट दिसतं म्हणाले, आणि मी म्हटलं चष्मा.

फोन कुठे ठेवला मी? त्या कापडाखाली बघा. टाचण्या सांभाळा. — लागतोय. उचला ना. उचला. एरवी दाढीवाल्यासाठी चोवीस तास हातात असतो... वाजतोय नुसता. गाडी चालवताना उचलत नाहीत, नियमाचे पक्के आहेत त्या बाबतीत, एकदाही — हॅलो! हॅलो, मी बोलतेय. कुठे आहात? निघालात का?... अजून नाही? तिकडच्या डेपोतच? बरं. बरं झालं. काय खाताय, आवाज कसला येतोय? — नाही, ओरडत नाहीये. अहो ओरडत नाहीये मी, साधं विचारतेय. ऐका, ते हातातलं खाली ठेवा, कोल्ड्रिंक असेल तर तेही ठेवा. आणि आज गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या. — का म्हणजे? तब्येत बरी नाहीये तुमची. — मला कसं कळलं? पँटवरून कळलं. ही निळ्या दोऱ्याची... नाही, ते नंतर सांगते. हो, सैल आहे. खूपच सैल आहे. — हो, उतरलंय वजन. मान्य. तुमचंच खरं होतं, खाऊन खाऊन उतरलं, माझं चुकलं, झालं समाधान? अहो, हसू नका. हसू नका ना! मी चेष्टा करत नाहीये. मला भीती वाटतेय. गाडीवर चढू नका, तिथे डॉक्टर असेल कुणी, बोटातून रक्त काढून तपासा म्हणावं... कळलंय कसलं, ऐकताय तरी का तुम्ही? हॅलो?

बघा, हसतायत. कुणाला तरी सांगतायत बाजूला, 'बायको आहे, खाण्यावरून बोलतेय.' मी काही बोलले की त्यांना तेच ऐकू येतं ताई. आयुष्यभर मी दुसरं बोललेच नाही. माझं नाही ऐकायचे. तुम्ही परक्या आहात, तुमचं ऐकतील. मामांचं सांगा त्यांना. गाडी सुटायची घंटा होईल आता.

घ्या. घ्या ना फोन. बोला.